शहर वाढतंय, प्रकल्प येतोय: पर्यावरणाची बाजू कशी तपासायची आणि अटी कशा घालून घ्यायच्या

शहराच्या कडेला नवी वसाहत, वळणरस्ता किंवा औद्योगिक वसाहत येणार असं कळलं की लगेच दोन तट पडतात. एकाला विकास हवा असतो, दुसऱ्याला झाडं. फाइल मात्र दोन्हीकडचे फारसे कुणी वाचत नाहीत. नागरिकांच्या सल्लागार समितीवर बसून असे बरेच प्रस्ताव मी वाचले आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालंय की ‘हवा की नको’च्या भांडणात ओढा, माती, हवा यांच्या पदरात काही पडत नाही. जे पडतं ते परवानगीपत्रातल्या अटींमधून, तेही अट नीट लिहिलेली असेल तरच.

या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. इंजिनिअर असण्याची गरज नाही. गुणाकार येत असला आणि चिखलात उतरायची तयारी असली की भागतं.

1. गाडी कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहा

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पद्धत अमेरिकेत 1969 च्या कायद्याने सुरू झाली आणि 1992 च्या रिओ जाहीरनाम्यातल्या 17 व्या तत्त्वाने तिला जगभर मान्यता मिळाली. देशोदेशीचे नियम वेगळे असले तरी क्रम साधारण एकच असतो: छाननी (मूल्यांकन लागतं का), व्याप्ती (काय काय तपासायचं), सध्याच्या स्थितीची मोजणी, परिणामांचा अंदाज, उपाययोजना, सुनावणी, निर्णय आणि नंतरची देखरेख.

बहुतेक लोक सुनावणीला उगवतात. तोवर रस्त्याची आखणी ठरलेली असते, जागा घेतलेली असते आणि सल्लागाराचं बिलही निघालेलं असतं. सुनावणीत तासभर बोलून जे होत नाही, ते व्याप्ती ठरत असताना दिलेल्या एका पानी पत्राने होतं. ‘मूल्यांकनात प्रकल्पाच्या खालच्या बाजूची मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याचा मार्ग) आणि तिच्या पुढचा ओढाही धरावा’ एवढी एक ओळ त्यात गेली तरी पुढचा सगळा अभ्यास वेगळा होतो.

सापळा: प्रकल्पाचे तुकडे. मूल्यांकन ठरावीक क्षेत्रफळाच्या वर लागत असेल, तर एकच वसाहत ‘टप्पा एक’, ‘टप्पा दोन’ अशा वेगवेगळ्या नावांनी येते आणि प्रत्येक टप्पा मर्यादेच्या जरासा खाली असतो. शेजारच्या भूखंडांचे मालक, प्रवेशरस्ता आणि सल्लागार एकच आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

2. कागद गोळा करा

हे लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी मागितलेला कागद ‘शोधतो’ म्हणून जो जातो तो जातोच.

- मूल्यांकन अहवाल, सर्व परिशिष्टांसह (नुसता सारांश नको)
- जागेचा समपातळी नकाशा: बांधकामाआधीची आणि नंतरची जमिनीची पातळी
- पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा हिशेब आणि गटारांचा आराखडा
- पाणीपुरवठा व मैलापाणी विभागाचं ना-हरकत पत्र. ते कोणत्या आकड्यांवर दिलं तेही
- झाडांची यादी: जात, खोडाचा घेर, नकाशावरचा क्रमांक
- वाहतूक मोजणीचे मूळ तक्ते, तारीख आणि वेळेसकट
- माती व भूजल तपासणीचे अहवाल
- शेजारच्या मंजूर प्रकल्पांची यादी
- ज्या बैठकांत प्रस्ताव आला त्यांची इतिवृत्तं

साधनं फार लागत नाहीत: तारीख-वेळ आणि ठिकाण नोंदवणारा मोबाइल कॅमेरा, मोजपट्टी, काचेच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या, साधं पर्जन्यमापक आणि जागेचा मोठ्या आकारात छापलेला नकाशा. नकाशा मोबाइलवर बघू नका. त्यावर पेन्सिलने खुणा करायच्या आहेत.

3. अहवाल मागून पुढे वाचा

सारांश वाचून कुणाला काही कळलंय असं मी पाहिलेलं नाही. तिथे सगळं ‘नगण्य’ आणि ‘अल्पकालीन’ असतं. खरी माहिती परिशिष्टात सापडते.

सर्वांत आधी मोजणीच्या तारखा बघा. हवेतली धूळ पावसाळ्यात मोजली तर ती कमीच निघणार. ओढ्याचं पाणी ऐन उन्हाळ्यात पाहिलं तर तो ‘कोरडा नाला’ ठरणार. पक्ष्यांची नोंद स्थलांतराचा हंगाम सोडून केली तर यादी आखूड येणार. एका हंगामाची मोजणी वर्षभराची म्हणून खपवली जात असेल, तर तुमची पहिली हरकत तयार आहे.

मग ‘पर्याय’ हे प्रकरण. तिथे बहुधा दोनच पर्याय असतात: हा प्रकल्प आणि काहीच न करणं. जागा बदलणं, आखणी सरकवणं, आकार कमी करणं यांचा विचार झालेला नसेल तर तो का झाला नाही, हे विचारा. उपायांची उतरंड ठरलेली आहे: आधी नुकसान टाळायचं, टळत नसेल तर कमी करायचं, झालेलं पूर्ववत करायचं आणि तेही जमत नसेल तर शेवटी भरपाई. अहवाल थेट भरपाईवर उडी मारत असेल, म्हणजे ‘दुसरीकडे झाडं लावू’, तर वरच्या तीन पायऱ्या कुठे गेल्या ते पानासह दाखवून द्या.

अहवालाचे काही भाग दुसऱ्या प्रकल्पातून उचललेले असतात. नकाशात नसलेली टेकडी, इथे नसलेली नदी असं काही सापडलं तर अजिबात नवल वाटून घेऊ नका. पान क्रमांक टिपून ठेवा.

4. जागेवर जा, शक्यतो पाऊस पडत असताना

नकाशावरचा उतार आणि पायाखालचा उतार जुळतो का बघा. जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यावर उभे राहा आणि तिथून पाणी ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने ओढ्यापर्यंत चाला. वाटेत कुंपणांच्या जाळीत अडकलेला काडीकचरा जमिनीपासून किती उंचीवर आहे? भिंतींवर गाळाची रेघ दिसते का? पूर कुठवर येतो हे या दोन खुणा अहवालापेक्षा नेमकं सांगतात. दोन्हींशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या.

मोऱ्यांचे व्यास मोजायला विसरू नका. वरच्या बाजूला मोठा पाइप आणि खाली जुना अरुंद पाइप, हे फार ठिकाणी दिसतं. उतार आणि पाइपचा प्रकार तोच असेल, तर व्यास निम्मा झाल्यावर वहनक्षमता निम्मी राहत नाही, जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे ‘पुढे थोडा छोटा पाइप आहे, चालेल’ असं कुणी म्हणालं तर चालत नाही.

5. पाण्याचा हिशेब स्वतः करा

एवढी एकच पायरी नीट केलीत तरी निम्मं काम झालं. हिशेब सोपा आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. तेव्हा एक हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की पाच लाख लिटर, म्हणजे 500 घनमीटर पाणी आलं. गवत-झुडपांच्या मोकळ्या जमिनीवरून समजा त्यातलं 20 टक्के वाहून जात होतं: 100 घनमीटर. त्याच जागेवर छपरं, रस्ते, पार्किंग झालं आणि 80 टक्के वाहू लागलं: 400 घनमीटर. वाढीव 300 घनमीटर पाणी कुठे जाणार, हा तुमचा प्रश्न. टक्केवारी माती आणि उतारानुसार बदलते. अहवालात कोणती धरली आहे ते बघा आणि तीच वापरून गुणाकार करा.

नुसतं पाणी वाढतं असंही नाही. ते लवकर पोचतं. पूर्वी मातीत मुरत, गवतात अडखळत जाणारं पाणी आता गटारातून थेट सुटतं, सगळीकडचं एकाच वेळी ओढ्यात येतं आणि काठ कापले जातात. म्हणून ‘एकूण किती’ आणि ‘सर्वांत जोराचा प्रवाह किती’ हे दोन आकडे वेगवेगळे मागा.

साठवण तलाव दाखवला असेल तर चार गोष्टी तपासा. तो खरंच सखल भागात आहे का, की उरलेल्या निरुपयोगी तुकड्यावर? बाहेर जायचं तोंड किती मोठं? फार मोठं असेल तर पाणी थांबणारच नाही. पुढच्या मोठ्या सरीच्या आत तो रिकामा होतो का? आणि गाळ कोण काढणार? सच्छिद्र फरसबंदीचंही तेच. भोकांत बारीक माती बसली की ती साध्या फरशीसारखीच होते आणि नियमित साफसफाईची तरतूद नसेल तर ती पाणी मुरवेल असं हिशेबात धरलेलं वगळायला लावा.

आणखी एक चलाखी: एकच जागा बाग म्हणून, साठवण म्हणून आणि गाड्या लावायची जादा सोय म्हणून अशी तीनदा मोजलेली असते. बाग आणि साठवण एकत्र असण्यात गैर काही नाही. 2011 च्या जुलैतल्या ढगफुटीनंतर कोपनहेगनने 2012 मध्ये जो आराखडा केला, त्यात उद्यानं आणि रस्ते मुद्दाम पाणी धरून ठेवतील असे आखले आहेत. पण मग ती बाग बुडणार हे कागदावर स्पष्ट हवं आणि विजेची पेटी तिथे नको.

‘25 वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. 25 वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास भरते.

ओढा झाकून वर रस्ता करण्याचा प्रस्ताव असेल तर दक्षिण कोरियातल्या सोल शहराचं उदाहरण पुढे ठेवा. तिथे चॉंगग्येचॉन ओढा काँक्रीटखाली घालून वर उन्नत रस्ता बांधला होता. 2003 मध्ये तो पाडायला घेतला आणि 2005 मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला. पण आता त्यातलं बरंचसं पाणी पंपाने आणून सोडावं लागतं. झाकलेला ओढा उघडता येतो, पण त्याचं पाणी आपोआप परत येत नाही.

6. नळाचं पाणी आणि मैलापाणी

हा भाग लवकर उरकतो. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरून चालतात. नव्या वस्तीची लोकसंख्या गुणिले माणशी पाणी, त्याचे 80 टक्के: एवढा भार शुद्धीकरण केंद्र पेलेल का? केंद्राची पाटीवरची क्षमता विचारू नका. सध्या प्रत्यक्ष किती येतं, सकाळच्या गर्दीच्या वेळी किती येतं आणि पावसात किती, हे विचारा. पावसाचं पाणी मैलावाहिनीत शिरत असेल तर जोराच्या पावसात केंद्रापर्यंत न पोचता ते मधूनच ओढ्यात उतू जातं.

शिवाय आधी मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या वसाहतींना जी क्षमता देऊ केलीय, ती वजा केलीय का? बहुधा केलेली नसते.

7. रस्ते आणि आवाज

‘रस्ता रुंद केला की कोंडी सुटेल आणि धूरही कमी होईल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात असतं. अमेरिकी महानगरांतल्या महामार्गांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की रस्त्याची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते. म्हणून वाढीव वाहतूक अंदाजात धरली आहे का, एवढंच विचारा. धरली नसेल तर धुराचे सगळे आकडे कमी निघालेले असतात.

आवाजाच्या बाबतीत डेसिबलचं गणित फसवं आहे. ‘फक्त 3 डेसिबलने वाढेल’ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. वेग आणि गाड्यांचा प्रकार तोच असेल तर याचा सरळ अर्थ गाड्या दुप्पट. कानाला आवाज दुप्पट वाटतो तो साधारण 10 डेसिबलच्या वाढीला. त्यामुळे 3 हा आकडा ऐकायला लहान आणि वाहतुकीला मोठा. रात्रीचे आकडे वेगळे मागा. दिवसरात्रीच्या एका सरासरीत झोपेची वेळ पार बुडून जाते.

8. झाडं, आणि झाडांखालची माती

झाडांवरून सुनावणीत आवाज चढतात, पण झाड मरतं ते पुष्कळदा कुऱ्हाडीशिवाय. त्याची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. त्या मातीवर यंत्रं उभी केली, खडीचे ढीग घातले की माती दाबली जाते, हवा-पाणी मुळांना पोचत नाही आणि झाड हळूहळू वाळतं. तोवर काम संपलेलं असतं आणि झाड ‘नैसर्गिकरीत्या’ गेल्याची नोंद होते. म्हणून वाचवायच्या झाडांना फांद्यांच्या घेराबाहेर पक्कं कुंपण, तेही पहिलं यंत्र जागेवर येण्याआधी, ही अट मागा. खोडाला गुंडाळलेलं गोणपाट म्हणजे संरक्षण नव्हे.

भरपाईची झाडं असतील तर ‘किती लावली’ ही मोजणी नको. तीन वर्षांनी किती जगली, याची हवी. खोदाईआधी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायचं कलमही त्यातच घालून घ्या.

9. बांधकामाचा काळ

अहवालात याला अर्धं पान असतं आणि ओढ्याचं सर्वांत जास्त नुकसान याच काळात होतं. उघडी पडलेली माती पहिल्याच मोठ्या पावसात खाली जाते. काँक्रीट मिक्सर धुतलेलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (pH) 12 च्या आसपास जातो. ते ओढ्यात गेलं तर मासे मरतात. पाणी दिसायला नुसतं पांढुरकं असतं, म्हणून कुणी हटकत नाही.

मागायच्या गोष्टी: एका वेळी किती जमीन उघडी ठेवायची याची मर्यादा, गाळ बसवायचा खड्डा खोदाईच्या आधी, मिक्सर धुण्याची अस्तर घातलेली जागा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुण्याची सोय आणि राडारोडा कुठे टाकणार त्या जागेचं लेखी पत्र.

तपासायला बाटल्या इथे उपयोगी पडतात. पाऊस थांबल्यावर एक बाटली प्रकल्पाच्या वरच्या बाजूच्या ओढ्यातून भरा, दुसरी खालच्या बाजूने. चिठ्ठी लावा, शेजारी शेजारी ठेवा, रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची उंची मोजा आणि फोटो काढा. हा प्रयोगशाळेचा पुरावा नाही, पण तपासणी लावायला भाग पाडण्याइतका वजनदार नक्की आहे.

10. सगळ्यांची बेरीज मागा

प्रत्येक प्रकल्प आपल्यापुरता लहानच असतो. ओढा मात्र एकच असतो. हातातल्या छापील नकाशावर त्या पाणलोटातले झालेले, मंजूर आणि प्रस्तावित असे सगळे प्रकल्प तीन रंगांनी रंगवा. पाचव्या पायरीतला हिशेब सगळ्यांसाठी मिळून करा आणि शेवटच्या मोरीच्या क्षमतेशी ताडून बघा. सुनावणीत मी पाहिलेलं सर्वांत परिणामकारक साधन हा रंगवलेला नकाशा आहे. तो टेबलावर पसरला की प्रत्येक प्रकल्प वेगळा काढून बोलणं अवघड होऊन बसतं.

11. हरकत लिहा

मुदत बघा आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. एका परिच्छेदात एकच मुद्दा, या क्रमाने: अहवालाचं पान, तिथे काय म्हटलंय, ते का पटत नाही आणि नेमकं काय हवंय. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे’ या वाक्याला उत्तर द्यावंच लागत नाही. ‘पान 84 वरचा वाहत्या पाण्याचा हिशेब पार्किंगचं क्षेत्र वगळून केला आहे, तो धरून पुन्हा करावा’ याला द्यावं लागतं.

एकाच मजकुराची शंभर पत्रं गेली तरी कार्यालयात तो बहुधा एकच मुद्दा म्हणून नोंदला जातो. त्यापेक्षा पाच जणांनी पाच विषय वाटून घ्या. सुनावणीत बोललात तर बोललेलं लेखी स्वरूपातही द्या आणि इतिवृत्तात आलं का ते नंतर तपासा.

12. अटी शब्दशः सुचवा

परवानगी मिळणारच असं दिसत असेल तर सगळं बळ इथे लावा. अटींचा मसुदा बनवणाऱ्यांना वेळ कमी असतो. तयार वाक्य मिळालं तर ते वापरतात.

कच्ची अट: ‘पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची योग्य ती काळजी घेण्यात यावी.’

पक्की अट: ‘पहिल्या इमारतीच्या भोगवट्यापूर्वी 300 घनमीटर क्षमतेचा साठवण तलाव पूर्ण करावा. जागेबाहेर जाणारा कमाल प्रवाह बांधकामपूर्व प्रवाहापेक्षा जास्त नसावा. दर वर्षी पावसाळ्याआधी व नंतर गाळाची पातळी मोजून अहवाल जाहीर करावा. देखभालीची जबाबदारी हस्तांतरणापर्यंत विकासकाची व त्यानंतर पालिकेची राहील.’

आकडा, वेळ, मोजणी, जबाबदार कोण: चारही हवेत. वेळ नेहमी पुढच्या परवानगीला बांधा. भोगवटा दिल्यानंतर करायच्या कामाला कुणी वाली राहत नाही. शक्य असेल तिथे अनामत रक्कमही मागा, जी काम तपासल्यावरच परत मिळेल.

13. मंजुरीनंतर

अटींची यादी काढून तिचा तक्ता करा: अट क्रमांक, कधीपर्यंत, काय पुरावा, सद्यस्थिती. ठरावीक चार-पाच जागांवरून, त्याच कोनातून, काम सुरू होण्याआधीपासून फोटो घेत राहा. आधीचा फोटो नसेल तर नंतरच्या फोटोला फारशी किंमत राहत नाही.

अट मोडलेली दिसली तर तक्रारीत अटीचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि फोटो द्या. ‘कारवाई करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘अट क्र. 7 ची पूर्तता तपासल्याशिवाय पुढच्या टप्प्याची परवानगी देऊ नये’ असं लिहा, प्रत परवानगी देणाऱ्या विभागाला पाठवा आणि पोचेवरचा आवक क्रमांक तक्त्यात चढवा. अधिकारी बदलले, ठेकेदार बदलला, तरी पुढच्या पत्रात तोच क्रमांक संदर्भ म्हणून टाकता येतो.